असेल आणि असता

वार्षिकांकाची सूचना फलकावर लागली आणि आमच्या वर्गात एकच धांदल उडाली. कुणी कविता लिहायला घेतली, कुणी 'माझी आई', कुणी 'एस.टी.तला प्रवास'. मलाही सरांनी विचारलं, "तू काय देणार?" माझ्यापाशी ना कविता होती, ना कथा. माझ्यापाशी होती इंग्रजीच्या वहीतली एक चूक, लाल शाईनं गोल केलेली. त्या चुकीनं कित्येक रात्री मला नीट झोपू दिलं नाही, म्हणून तीच आज आपल्यापुढं ठेवते. कुणी म्हणेल, व्याकरणाच्या चुकीवर लेख लिहितं का कुणी? म्हणोत बापडे! पण मित्रहो, एवढं सगळं वाचून मगच काय ते म्हणा.

मी सास्तूरची. लोहारा तालुक्यातलं हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी एकाच कारणानं ऐकलेलं असतं, आणि ते कारण पुढं येईलच. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. वडील दहावीपर्यंत शिकले आणि शेतीला लागले. आईची शाळा सातवीत सुटली. आजी आजही अंगठाच करते. बी.ए.ला मी इंग्रजी घेतलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "झेपंल का?" त्यावर आजी म्हणाली, "झेपंल की! न झेपाया काय झालंय?" आता वाटतं, माझा सगळा धडा या दोन वाक्यांतच होता. दोघांच्याही तोंडी एकच शब्द, 'झेपंल'. वडिलांच्या तोंडी ती शंका होती आणि आजीच्या तोंडी खात्री.

यंदा व्याकरणाच्या तासाला इंग्रजीतली सहायक क्रियापदं आली. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, विल... शाळेत ती आम्ही पाठ केलेलीच होती. कॅन म्हणजे 'शकणे', मस्ट म्हणजे 'पाहिजे', मे म्हणजे परवानगी आणि माइट म्हणजे मे चा भूतकाळ. एवढ्या शिदोरीवर दहावी-बारावी पार पडली. 'मे आय कम इन, सर?' म्हणून वर्गात शिरायचं की 'मे'चं काम संपलं!

त्या दिवशी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. पहिल्या बाकावरची आमची एक मैत्रीण गैरहजर होती. तिच्या रिकाम्या जागेकडं बोट करून त्यांनी विचारलं, "ही का आली नाही?"

"आजारी असेल, सर."

"कदाचित एस.टी. चुकली असेल."

"सोयाबीनच्या काढणीला गेली असावी. काल तसं म्हणत होती."

"घरीच असणार सर. तिच्या ताईला बघायला पाहुणे यायचे होते."

"अजून झोपलेली असू शकते," मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

"ग्रंथालयात मात्र असूच शकत नाही," आणखी एक आवाज आला, आणि वर्ग पुन्हा हसला.

सर म्हणाले, "तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, तरी सहा जणांनी सहा उत्तरं दिली. आणि गंमत अशी, की कुणीही खोटं बोललेलं नाही. ठाऊक नसताना खोटं न बोलता बोलायचं कसं, याची सोय प्रत्येक भाषेनं करून ठेवलेली असते. आता सांगा, कुणाच्या वाक्याला किती वजन?"

मग आम्ही बाजारात धान्य जोखावं तशी ती वाक्यं जोखली. 'कदाचित असेल' सर्वांत हलकं. 'असू शकते' ही नुसती एक वाट दाखवते. 'असेल' त्याहून थोडं भरीव. 'असावी' म्हणायला काही खूण लागते. ती काल तसं म्हणाली होती, ही खूण. सकाळी उठल्यावर अंगण ओलं दिसलं की आपण 'रात्री पाऊस पडला असावा' म्हणतो, ते असंच. 'असणार' म्हणजे जवळजवळ खात्री. आणि 'असूच शकत नाही' म्हणजे दारच बंद!

हीच सहा वाक्यं सरांनी मग इंग्रजीत केली. आपण क्रियापदाचं शेपूट बदलतो, इंग्रजी बोलणारा माणूस क्रियापदाच्या अलीकडं एक लहानसा शब्द उभा करतो. 'शी मे बी इल' म्हणजे आजारी असेल. 'माइट' म्हटलं की तेच थोडं कचरत म्हटलं. शाळेत शिकवलेला भूतकाळ त्यात बहुधा नसतोच, असतो तो संकोच. 'कुड' म्हणजे तसंही असू शकेल. 'मस्ट' हा तर आम्हाला हुकूमशहा वाटायचा. पण 'शी मस्ट बी ॲट होम' या वाक्यात कुणी कुणाला हुकूम करत नाही. खुणा जुळवून माणूस म्हणतो, ती घरीच असली पाहिजे. पाहा, आपला 'पाहिजे'सुद्धा नेमकं हेच काम करतो! खिडकीत दिवा दिसतोय, म्हणजे ती जागी असली पाहिजे. दोन भाषा सात समुद्र दूर, आणि दोघींनीही कर्तव्याचाच शब्द अंदाजाला जुंपला.

आपल्या मुलांच्या चुका कुठं होतात, तेही सरांनी दाखवलं. 'तो घरी असू शकतो' याचं इंग्रजी आपण सरळ 'ही कॅन बी ॲट होम' करतो. शकणे म्हणजे कॅन, मग चुकलं काय? चुकतं ते असं, की इंग्रजीत कॅन हा एरवी काय काय घडू शकतं ते सांगतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जाऊ शकतो, तिथं कॅन. पण या घडीला एखादा माणूस कुठं असेल, हा अंदाज करायचा तर मे, माइट किंवा कुड. नकाराला मात्र कॅन पुन्हा हजर होतो. 'ही कान्ट बी ॲट होम' म्हणजे घरी असणं शक्यच नाही. अंदाजाच्या मस्टच्या उलट 'मस्ट नॉट' असेल असं आपण धरून चालतो, पण तो बहुधा मनाईला लागतो. अंदाजाच्या मस्टच्या समोर उभा राहतो तो कान्ट. आणि 'मे नॉट बी' म्हणजे नुसतं 'नसेल'. 'नसेल' आणि 'असूच शकत नाही' यांत केवढं अंतर आहे, हे ज्याच्या घरचं माणूस बेपत्ता झालं असेल त्यालाच विचारावं.

एक गोष्ट मला फारच नवलाची वाटली. दारावर थाप पडली की इंग्रज म्हणतो, 'दॅट विल बी द पोस्टमन.' विल तर भविष्यकाळाचा, आणि पोस्टमन आत्ता दारात उभा आहे! पण आपण तरी काय म्हणतो? 'पोस्टमन असेल.' 'असेल' हे भविष्यकाळाचंच रूप नव्हे का? हिंदीतला 'होगा'ही तसाच. जे डोळ्यांआड आहे, ते आज असलं तरी आपल्यापुरतं उद्याच असतं. दार उघडेपर्यंत ते घडायचंच असतं.

तास संपताना सरांनी गृहपाठ दिला. मनानं पाच मराठी वाक्यं लिहायची आणि त्यांचं इंग्रजी करायचं. पहिली चार वाक्यं मी सुचतील तशी लिहिली, पावसाची, एस.टी.ची, परीक्षेची. पाचवं लिहिताना विचारही केला नाही. लहानपणापासून कानांवर पडलेलं एक वाक्य आपसूक वहीत उतरलं : 'अंगणात झोपला असता, तर कदाचित तो वाचला असता.' त्यापुढं मी इंग्रजी लिहिलं : 'इफ ही हॅड स्लेप्ट इन द कोर्टयार्ड, ही मे हॅव सर्व्हाइव्ड.'

वही परत आली तेव्हा 'मे'भोवती लाल गोल होता, आणि समासात सरांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : 'मे म्हणजे अजून ठाऊक नाही. तो वाचला की नाही?'

त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते कुणी कुणाला विचारत नाही. पहिल्यांदाच कुणीतरी ते लेखी विचारलं होतं.

तो म्हणजे माझे थोरले काका. मी त्यांना काका म्हणते खरं, पण ते अकरा वर्षांचेच राहिले. 29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र. गावातले गणपती वाजत-गाजत गेले होते. पोरं दमूनभागून आली होती आणि काकांचा हट्ट होता, की आज मित्रांसंगं अंगणातच झोपायचं. आजोबांना खळ्यावर उडदाच्या राशीची राखण करायला जायचं होतं. जाता जाता ते पोराला रागावले, विंचूकाट्याचं भय दाखवलं, आणि हाताला धरून आत निजवून गेले. आजी माझ्या वडिलांना कुशीत घेऊन ओसरीवर, दारालगत आडवी झाली. वडील तेव्हा आठ वर्षांचे.

30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. ज्याला सारं जग किल्लारीचा भूकंप म्हणतं, तो. किल्लारी तेरणेच्या पलीकडं, लातूर जिल्ह्यात, सास्तूर अलीकडं. पण भूकंपाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. आपली जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती आणि वर लाकडावर पसरलेलं मातीचं माळवद. पाऊसकाळ जवळ आला की गळू नये म्हणून त्यावर दरवर्षी आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गारवा देणारं ते छप्पर त्या पहाटे माणसांवर आलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली असं नोंदी सांगतात. आमच्या सास्तुरानं त्यात फार मोठा वाटा उचलला.

ओसरी बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आजी आणि वडील वाचले. आजोबा शेतातून धावत आले. मग ती दोघं आणि शेजारपाजारचे, ज्यांच्या हातात बळ उरलं होतं ते, नुसत्या हातांनी दगड उपसू लागले. आजी ते फार क्वचित सांगते. सांगते तेव्हा एवढंच म्हणते, "दुपारपस्तोर म्या 'आसंल' म्हनत हुते. आत आसंल. खांबाच्या आडुशाला आसंल. जित्ता आसंल. दगुड काढायचा अन् म्हनायचं, आसंल."

दुपारी काका सापडले. त्या क्षणी घरातलं 'असेल' संपलं आणि 'असता' सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी लष्कराचे जवान आले. प्रत्येक ढिगाऱ्यापाशी थांबून ते विचारत, "अंदर और कोई होगा?" आजी म्हणते, तो शब्द तिला मराठीच वाटला. जिथं अजून 'असेल' शिल्लक होतं तिथल्या बाया धावत जायच्या. ती मात्र बसल्या जागची हलली नाही.

शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. संकेतार्थाची व्याख्या मीही घोकली होती. अमुक झालं असतं, तर तमुक झालं असतं. वाक्याला दोन भाग लागतात आणि मध्ये 'तर' लागतो. माझे आजोबा मी सहावीत असताना गेले. माझ्या आठवणीत ते बाजेवर बसलेले आहेत आणि मधूनच, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणतात, "आंगनात निजू दिलं आसतं तर..." बस, इतकंच! व्याकरणाच्या पुस्तकातला पुढचा भाग त्यांनी कधी उच्चारलाच नाही. ते वाक्य चोवीस वर्षं त्यांच्या घशात अर्धंच राहिलं.

आणि आजी? आजीच्या तोंडून मी 'असता' हा शब्द कधीच ऐकलेला नाही. एखाद्या लग्नात काकांच्या वयाचे कुणी भेटले, त्यांची शिकलीसवरलेली मुलं दिसली, की आत्या डोळे पुसत म्हणते, "आज दादा आसता तर..." आजी लगेच तिला थांबवते, "गप बस. पान वाढ." पूर्वी मला वाटायचं, आजी कठोर आहे. आता वाटतं, तिनं एकच घर दोनदा पडू द्यायचं नाही असं ठरवलेलं असावं. (हा माझा अंदाज, म्हणून 'असावं' लिहिते.)

ही सारी हकीकत मी सरांना सांगितली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग वही घेऊन त्यांनी मला समजावलं. 'मे हॅव सर्व्हाइव्ड' म्हटलं की ढिगारा अजून उपसायचा आहे. आत कुणी जिवंत असेल, नसेल. 'माइट हॅव सर्व्हाइव्ड' दोन्हीकडं चालतं. उपसण्याआधीही म्हणता येतं आणि उपसल्यावरही म्हणता येतं. पण मागं 'इफ ही हॅड' आलं, म्हणजे ढिगारा उपसून झाला. मग मे चालत नाही, माइट किंवा कुड घ्यावा लागतो. खात्रीच असेल तर वुड. "हल्ली इंग्रजी बोलणारेसुद्धा इथं मे वापरून जातात," सर म्हणाले, "वर्तमानपत्रांतही दिसतं. त्यामुळं तुझी चूक एकटीची नाही. पण आपल्या मराठीत ही चूक होऊच शकत नाही बघ. 'वाचला असेल' आणि 'वाचला असता'. एका शब्दाचा फरक, पण कुणी चुकूनसुद्धा एकाच्या जागी दुसरं म्हणणार नाही."

खरंच! आमच्या गावातलं शाळेत न गेलेलं माणूसही यात चुकत नाही. इंग्रजीत मात्र मी चुकले. व्याकरण कच्चं होतं म्हणून चुकले, असं मी स्वतःला सांगितलं. पण मनात दुसरीही शंका आहे. लिहिणाऱ्या हाताला कदाचित ते दार बंद करायचं नसेल.

त्यानंतर मला जिथं तिथं हेच शब्द दिसू लागले. भूकंपाविषयी ग्रंथालयात जे मिळालं ते वाचलं. भूकंपापूर्वी आपला दख्खनचा प्रदेश स्थिर समजला जायचा. देशाच्या भूकंपप्रवण नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. म्हणजे नकाशा जणू म्हणत होता, 'इथं व्हायचा नाही.' नकाशा खोटं बोलला का? नाही. त्यानं 'कमी शक्यता' असं म्हटलं होतं. वाचणाऱ्यांनी तिचं 'शक्यता नाही' असं भाषांतर केलं. माझ्यासारखंच त्यांचंही सहायक क्रियापद चुकलं! 1967 साली कोयनेला मोठा भूकंप होऊन गेला होता. 1992 च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द किल्लारीच्या बाजूला धक्के बसले होते. लोक काही दिवस बाहेर झोपले आणि पुन्हा घरात गेले. 2002 साली नवा नकाशा आला, त्यात पहिला विभागच काढून टाकला आणि आपला भाग तिसऱ्या विभागात घातला. 'होणार नाही' कुठंच लिहायचं नाही, असंच जणू शास्त्रज्ञांनी ठरवलं.

भूकंप का झाला, याचंही तसंच. गावात कुणालाही विचारा, तो तेरणेवरच्या माकणीच्या धरणाकडं बोट दाखवील, "त्या पान्यानंच झाला." शास्त्रज्ञांत मात्र दोन मतं. काही म्हणाले, धरणातल्या पाण्यामुळं तो घडला असू शकेल. काहींनी ते मान्य केलं नाही. पूर्वी मला अशा लोकांचा राग यायचा. एवढं शिकून यांना एक धड 'होय' की 'नाही' सांगता येऊ नये? आता तो राग ओसरलाय. जेवढं ठाऊक, तेवढंच वजन वाक्यात घालायचं, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

आणि तो प्रामाणिकपणा सुटला की काय होतं, याचा दाखला भूगोलाच्या मॅडमनी दिला. इटलीत लाक्विला नावाचं शहर आहे. 2009 साली तिथं महिनोन् महिने लहान धक्के बसत होते. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. मोठ्या भूकंपाची शक्यता कमी, पण ती नाकारता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. लोकांपर्यंत पोचलं ते मात्र, 'काळजीचं कारण नाही.' 6 एप्रिलच्या पहाटे तिथं भूकंप झाला आणि 309 माणसं गेली. धक्का बसला की घराबाहेर जाऊन रात्र काढायची, अशी तिथल्या जुन्या लोकांची रीत होती. काही घरांनी त्या रात्री ती रीत मोडली, कारण धीर दिलेला होता. 2012 मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि एका अधिकाऱ्याला न्यायालयानं शिक्षा सुनावली. पुढं 2014 मध्ये सहाही शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. मॅडम हे सांगत होत्या आणि मला त्या परक्या गावातली घरं दिसत होती. तिथंही कुणी बाप बाजेवर बसून अर्धंच वाक्य म्हणत असेल. फक्त भाषा इटालियन असेल.

आजी सांगते, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना दर चार-आठ दिवसांनी आवई उठायची, 'आज रात्री पुन्हा येणार!' अमुक तारखेला, अमुक वाजता. लेकरं काखेत मारून माणसं रात्रभर उघड्यावर बसायची. 'येणार' म्हणणाऱ्यावर लोकांचा चटकन विश्वास बसतो. 'येऊ शकतो, पण कधी ते सांगता येत नाही' म्हणणाऱ्याकडं कुणी वळून बघत नाही. वास्तविक भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगू शकेल असा माणूस आजही जगाच्या पाठीवर नाही. म्हणून या बाबतीत 'येणार' म्हणणारा आणि 'येणारच नाही' म्हणणारा, दोघंही सारखेच. खरं बोलतो तो 'येऊ शकतो' म्हणणारा. आणि 'येऊ शकतो' एवढं ठाऊक असलं तरी पुरतं. तेवढ्यावर भिंत नीट बांधता येते, छत हलकं करता येतं.

पुनर्वसनातलं आमचं घर पक्कं आहे. तरी आजी दारालगतच झोपते. 2024 च्या मार्चमध्ये हिंगोलीकडं धक्के बसल्याची बातमी आली, तेव्हा वडील तिला म्हणाले, "माय, आता ह्ये घर न्हाई पडत." आजी म्हणाली, "न्हाई पडनार. पर पडू शकतंय का न्हाई?" वडील गप्प झाले. मी मनात म्हटलं, हिनं शाळा पाहिली नाही, पण विल आणि कॅन यांतला फरक हिला आमच्या सबंध वर्गाआधी कळलेला आहे.

त्या लाल गोलाची वही घेऊन मी एका संध्याकाळी ओसरीवर बसले होते. आजी शेंगा फोडत होती.

"काय वाचलालीस गं?" तिनं विचारलं.

"इंग्रजी."

"कशाचं हाय?"

सांगावं की नको, असं झालं. मग काकांचं वाक्य न सांगता मी तिला एवढंच सांगितलं, की इंग्रजीत एक शब्द असतो, अजून ठाऊक नाही तेव्हा वापरायचा. आणि सगळं कळून चुकल्यावर, ते तसं व्हायला नको होतं असं वाटतं, तेव्हा दुसरा घ्यावा लागतो. मी पहिल्याच्या जागी दुसरा घ्यायला हवा होता, तो घेतला नाही.

आजीचे हात थांबले. बराच वेळ ती सुपाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंजी त्येंला बी दोन लागतेत म्हन."

"लागतात, आजी."

"लागनारच की. त्येंच्यात बी मानसं मरतेत."

तिला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही. पण मला वाटतं, माझं न सांगितलेलं वाक्य तिला ऐकू आलं असावं. तिनं पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. मी वही उघडली, 'मे' खोडलं आणि त्यावर 'माइट' लिहिलं. समासातल्या सरांच्या प्रश्नाखाली उत्तरही लिहिलं, 'नाही वाचला, सर.' आमच्या घरातलं ते अर्धं वाक्य कुणीतरी पूर्ण केलं ते असं, परक्या भाषेत, गृहपाठाच्या वहीत.

मी इंग्रजी शिकायला आले ती नोकरी मिळेल म्हणून. मिळेल का? मिळू शकेल. मिळणारच, असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण या एका धड्यानं माझ्याच घरातली बोली मला नव्यानं ऐकू आली, हे मात्र स्वार्थात, अगदी साध्या वर्तमानकाळात सांगते.

त्या दिवशी अंधार पडला तरी वडील बाजारातून परतले नव्हते. फोन लागत नव्हता. आई आत-बाहेर करत होती. आजी नेहमीसारखी दारात येऊन उभी राहिली, रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाली, "येत आसंल."

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. म्हणाले, "हो आजी, येत असतील."

थोड्या वेळानं वळणावर गाडीचा दिवा दिसला.

— बी.ए. द्वितीय वर्ष